दुपारी पंखा, पहाटे दुपटं

पत्र : आमचा मुलगा परवा सहा आठवड्यांचा होईल. मानेवाड्याला वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर आहे, डोक्यावर गच्ची. ऑक्टोबरच्या उन्हाने दुपारी खोली भट्टीसारखी तापते आणि पहाटे चारला मलाच पांघरूण लागतं. सासूबाई म्हणतात, खिडक्या लावा, टोपडं-मोजे-स्वेटर काढू नका, संध्याकाळी ओव्याची धुरी द्या. बाळाचे बाबा म्हणतात, पोर घामाने रडतंय, कूलर पुन्हा सुरू करू. रोज सहा वाजले की बाळ रडायला लागतं ते साडेआठपर्यंत. त्यात दिवाळी तोंडावर आली आहे, घर रंगवायचं ठरलंय आणि भाऊबीजेला मला वर्ध्याला माहेरी जायचंय. नेमकं काय काय करू?

– एक वाचक, मानेवाडा

ताई,

तुमच्या सासूबाई आणि बाळाचे बाबा, दोघंही बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या घटकेला. दुपारी दोनला बाबांचं ऐका, पहाटे चारला सासूबाईंचं. नागपूरचा ऑक्टोबर असाच असतो : दुपारी पारा ३२-३४ अंश सेल्सिअस, पहाटे २०च्या आसपास. गच्चीखालच्या खोलीत तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दहा-अकरापर्यंत ऊब सोडत राहतो. बाहेर अंगणात गार वाटलं तरी आत गरमच असतं. नोव्हेंबर सरता सरता पहाटेचा पारा १४-१५ वर येईल, तेव्हा आज बसवलेली घडी पुन्हा बदलावी लागेल.

म्हणून कपडे महिना बघून ठरवू नका, बाळाची मान बघून ठरवा. मानेमागे, झबल्याच्या आत दोन बोटं घाला. त्वचा कोमट आणि कोरडी लागली तर ठीक. ओलसर किंवा तापलेली लागली तर एक कपडा कमी करा. मान आणि छाती गार लागली तर एक वाढवा. तळहात-तळपायांवर जाऊ नका. या वयात हातापायांकडचा रक्तपुरवठा कमी-जास्त होत असतो, त्यामुळे ते बरेचदा गार आणि कधी निळसरही दिसतात. बहुतेक घरांत चूक होते ती इथेच. पाय गार लागले म्हणून मोजे, मग स्वेटर, मग दुपटं, आणि आत बाळ घामाने थबथबलेलं. मानेवर, काखेत, जांघेत घामोळं उठतं आणि बाळ आणखी रडतं. त्यावर पावडर टाकू नका, ती श्वासातून आत जाते. ओल्या मऊ कापडाने टिपून घ्या, जागा कोरडी करा आणि कपडा सैल घाला.

तुमच्या घरी सध्या साधारण असं जमेल. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच फक्त बिनबाह्यांचं सुती झबलं आणि लंगोट. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या, छताचा पंखा दोनवर. पंख्याचा झोत थेट तोंडावर येत असेल तर बाळाची जागा हलवा, पंखा बंद करू नका. सूर्य मावळला की पूर्ण बाह्यांचं झबलं. रात्री झोपताना त्यावर एक पातळ सुती दुपटं, छातीपर्यंतच आणि दोन्ही हात बाहेर. पहाटे तीन-चारच्या दुधाला तुम्ही उठताच, तेव्हा मान तपासून हवं तर पायांना पायजमा घाला. टोपडं बाहेर जाताना आणि अंघोळीनंतर केस वाळेपर्यंत पुरे. झोपेत नको, कारण बाळाची बरीचशी उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते आणि सैल टोपडं नाकावरही सरकतं. वाकळ किंवा जाड गोधडी अंगाखाली घडी करून घातली तर चालेल, अंगावर नको.

खोली किती गार झाली हे बघायला घरातच एक साधन आहे : खोबरेल तेलाची बाटली. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजायला लागतं. सकाळी उठल्यावर बाटलीतलं तेल पांढरं, घट्ट दिसलं की समजा, रात्री एक कपडा वाढवायची वेळ आली. बाळाच्या खोलीला २४ ते २६ अंश हे छान तापमान. तेवढं रोज हाताला लागत नाही, म्हणून तर मान.

आता कूलर. माझं मत स्पष्ट आहे : पाणी घालून सुरू करू नका. आणि खरा धोका कूलर चालू करण्यात जितका आहे, त्याहून जास्त तो जूनपासून खिडकीला तसाच टांगून ठेवण्यात आहे. टाकीच्या तळाशी उरलेलं पाणी आणि त्यावर पावसाचं साचलेलं, हे डेंग्यूच्या एडिस डासाचं आवडतं घर. हा डास पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवतो. टाकी सुकली तरी ती अंडी कित्येक महिने तग धरतात, पाणी लागलं की फुटतात आणि सात ते दहा दिवसांत डास उडतो. म्हणून नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही.

या रविवारी बाळाच्या बाबांना हे काम द्या. आधी प्लग काढायचा, नुसतं बटण बंद करून भागणार नाही. टाकीची बूच उघडून पाणी जमिनीवर ओता, नालीत नको. बाजूच्या वुडवूलच्या किंवा खसाच्या ताट्या काढून टाका. पुढच्या उन्हाळ्यासाठी त्या जपून ठेवण्यात काही अर्थ नाही, अंडी त्यांनाही चिकटतात. मग टाकीच्या चारही भिंती तारेच्या ब्रशने घासा, पाण्याची जुनी रेषा दिसते तिथे सगळ्यात जोर लावून. साबणाच्या पाण्याने धुवा, दोन दिवस कडक उन्हात उघडी सुकू द्या आणि मग वरून ताडपत्री घट्ट बांधा, पावसाची सर आली तरी आत थेंब जायला नको. त्याच दिवशी फ्रीजच्या मागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली, कुंड्यांखालच्या बशा आणि गच्चीवरच्या टाकीचं झाकणही बघून घ्या. पाणी ठेवावंच लागतं अशी सगळी भांडी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून कोरडी करायची. वार ठरवून घेतला की विसरत नाही.

एडिस दिवसा चावतो, विशेषतः सकाळी उजाडल्यावर आणि सूर्यास्ताच्या आधी. त्यामुळे बाळाची मच्छरदाणी रात्रीपुरती ठेवून चालणार नाही. दिवसा झोपेल तेव्हाही लावा, तिची किनार गादीखाली खोचलेली हवी. मच्छर अगरबत्ती आणि कॉइलचा धूर नको. डास पळवणारी मलमं सहा आठवड्यांच्या बाळाला लावू नयेत.

धुरीचं सासूबाईंना प्रेमाने पण ठामपणे सांगावं लागेल. बंद खोलीत शेगडीचे निखारे आणि ओवा म्हणजे धूर आणि त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड. याला वास नसतो, तो डोळ्यांना झोंबत नाही, म्हणून कळत नाही. शेगडी घरात नकोच. ओव्याचा वास हवा असेल तर स्वयंपाकघरात तव्यावर भाजून त्याचा शेक तुमच्या पाठीला घ्या, बाळाला नाही. बाळाच्या गळ्यात किंवा उशाशी कापराची पुरचुंडीही नको. कापूर थोडासा जरी पोटात गेला तरी बाळाला झटके येऊ शकतात.

त्याऐवजी सासूबाईंच्या हातात मालिश द्या. त्यांचा हात बाळाला ओळखीचा आहे, हे काम त्यांच्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला जमणार नाही. वेळ अकराच्या सुमाराची, खोली उबदार झाल्यावर, दूध पाजून निदान अर्धा-पाऊण तास गेल्यावर. तेल खोबरेल. मोहरीचं तेल नको, ते या वयाच्या नाजूक त्वचेचा वरचा थर बिघडवतं. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. कानात, नाकात, बेंबीत तेल घालायचं नाही. नाक दाबून सरळ करणं, डोक्याला आकार देणं किंवा छाती पिळून दूध काढणं, यातलं काहीच करू नका. आईच्या संप्रेरकांमुळे बाळाची छाती थोडी फुगलेली असते, ती आपोआप बसते. पिळली तर तिथे पू होतो. अंघोळीला आधी थंड पाणी आणि मग त्यात गरम ओतायचं, कोपर बुडवून बघायचं, पाच मिनिटांत आटपायचं. डाळीचं पीठ, दूध-हळद काही नको.

संध्याकाळचं रडणं. सहाव्या आठवड्याच्या आसपास बाळं सगळ्यात जास्त रडतात, आणि बरेचदा तिन्हीसांजेलाच. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात हे आपोआप ओसरतं. याला दृष्ट लागणं कारण नाही, तुमचं दूध कमी पडतंय असंही नाही. दूध पुरतं की नाही हे रडण्यावरून ठरवू नका, लघवीवरून आणि वजनावरून ठरवा : चोवीस तासांत सहा किंवा त्याहून जास्त ओले लंगोट आणि दिवसाला सरासरी २०-३० ग्रॅम वजन वाढणं. बहुतेक बाळं दिवसातून आठ ते बारा वेळा पितात. संध्याकाळी लागोपाठ, अर्ध्या-अर्ध्या तासानेही मागतात, तसं द्यावं. ऑक्टोबरच्या उन्हातसुद्धा पाणी द्यायचं नाही. दुधातच ८७-८८ टक्के पाणी असतं, वरचं पाणी पोट भरून दूध कमी करतं आणि जुलाबाचं निमित्त होतं. घुटी, ग्राइप वॉटर, मध, जायफळ यांनाही हेच लागू. मधातून बोट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो, म्हणून तो वर्षभर नाहीच. जायफळाने बाळ शांत झोपतं म्हणतात, ती झोप गुंगीची असते.

रडताना करण्यासारखं : उघड्या अंगाने छातीशी धरणं, अंधाऱ्या खोलीत हळू चालणं, पंख्याचा एकसुरी आवाज. तासाभरानंतर हात बदला. संध्याकाळी सात ते आठ हा वेळ बाळाच्या बाबांचा, असं घरात ठरवूनच टाका. कुणालाही असह्य झालं तर बाळाला पाठीवर पाळण्यात ठेवून पाच मिनिटं बाहेर जा. बाळाला कधीही जोरात हलवू नये, मेंदूत रक्तस्राव होतो.

झोपवताना पाठीवर, घट्ट सपाट गादीवर, उशीशिवाय. मोहरीची उशीसुद्धा नको.

आता दिवाळी. बाळ झोपतं ती खोली यंदा रंगवू नका, पुढच्या वर्षी रंगवा. बाकी घर रंगवायचंच असेल तर पाण्यात मिसळणारा रंग घ्या, ऑइलपेंट आणि थिनर टाळा. काम चालू असेल ते चार-पाच दिवस बाळाला घेऊन दुसरीकडे रहा आणि रंग वाळल्यावरही दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवून मगच परत या. भिंत घासण्याबद्दल विशेष जपा. घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भागांच्या) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. त्याआधीचे रंग घासले की शिसं असलेली धूळ उडू शकते. घर जुनं असेल तर पॉलिश पेपर मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसून त्यावरच रंग द्यायला सांगा.

याच दिवसांत पेटीतून उबदार कपडे निघतात. त्यांत डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या असतील तर ते कपडे, शाल, दुपटी बाळाजवळ आणण्याआधी धुवा आणि दोन-तीन दिवस उन्हात टाका. वास पूर्ण जाईपर्यंत वापरू नका. काही बाळांच्या रक्तात जी-६-पी-डी नावाचं विकर जन्मापासून कमी असतं. अशा बाळांच्या तांबड्या पेशी या गोळ्यांच्या नुसत्या वासानेही फुटतात, बाळ फिकं आणि पिवळं पडतं, लघवी गडद होते. तुमच्या बाळाला ही उणीव आहे की नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही, म्हणून गोळ्या सगळ्यांसाठीच बाद.

नरक चतुर्दशीच्या पहिल्या अंघोळीचा हट्ट सासूबाई धरतील, आणि तो रास्तही आहे, घरातली ही पहिली दिवाळी. पहाटे पाचला पाटावर बाळाला तेलाचं एक बोट कपाळी लावा, ओवाळा आणि पुन्हा दुपट्यात घ्या. अंघोळ अकरा वाजता. उटणं बाळाच्या अंगाला नको. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सातच्या आत रस्त्याकडच्या खिडक्या लावा, दाराच्या फटीला ओलं फडकं लावा आणि बाळाला आतल्या खोलीत पंख्याखाली घेऊन बसा. फटाक्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली असली तरी तुम्ही अकरापर्यंतची तयारी ठेवा. कानात कापूस कोंबू नका. फटाके उडवून आलेल्यांनी कपडे बदलून, हात-तोंड धुऊनच बाळाला घ्यावं. फराळाला येणाऱ्यांत कुणाला सर्दी-खोकला असेल तर दुरूनच बघू द्या. इथे संकोच करू नका.

हे सगळं दिवाळीचं झालं, पण त्याआधी परवाचं काम आहे : दीड महिन्याची लस. दिवाळीनंतर बघू, असं म्हणू नका. महापालिकेच्या आरोग्य केंद्रात, डागा रुग्णालयात किंवा मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) ती मोफत मिळते. डाव्या मांडीत पेंटाव्हॅलेंट (पाच आजारांवरची एकत्र लस), उजव्या मांडीत पीसीव्ही (न्यूमोनियाची), उजव्या दंडात आयपीव्ही (पोलिओचं इंजेक्शन), आणि तोंडातून पोलिओ व रोटा (जुलाबाची). डाव्या दंडावर जन्मावेळच्या बीसीजीच्या (क्षयाच्या लसीच्या) जागी आता बारीक पुळी दिसत असेल, ती यायलाच हवी. तिला काही लावू नका, शेकू नका. लसीनंतर ताप येऊ शकतो. केंद्रातून पॅरासिटामॉल दिलं तर बाटली नीट बघा : थेंबांच्या बाटलीत १ मिलिलीटरमध्ये १०० मिलिग्रॅम औषध असतं, तर साध्या सिरपमध्ये बहुधा ५ मिलिलीटरमध्ये १२० किंवा १२५. सिरपचं माप थेंबांच्या बाटलीतून दिलं की चौपट औषध जातं. किती मिलिलीटर, हे बाळाचं वजन करून बाटलीवरच लिहून घ्या. ड जीवनसत्त्वाच्या थेंबांचंही असंच. रोज ४०० युनिट हवेत, पण काही बाटल्यांत १ मिलिलीटरमध्ये ४०० असतात, काहींत ८००.

वर्ध्याला जरूर जा. बाळाला घेऊन दुचाकीवर मात्र नाही, घरापासून स्टेशनापर्यंतसुद्धा नाही. रेल्वे सगळ्यात बरी. सकाळी दहानंतरची गाडी धरा म्हणजे स्लॅबचा ताप आणि पहाटेचा गारवा दोन्ही टळतात. निघण्याआधी पाजा आणि खिडकीपासून एक जागा आत बसा. कारनेच जायचं असेल तर मागच्या सीटवर, पाठमोरं बसवायच्या बाळाच्या खुर्चीत पट्टा लावून. पुढच्या सीटवर मांडीत घेणं सगळ्यात धोक्याचं, एअरबॅग उघडली तर तीच बाळावर आदळते. सोबत सहा लंगोट, दोन झबली, एक जास्तीचं दुपटं आणि लसीचं कार्ड ठेवा.

कुठेही असा, पुढचं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका : काखेतला ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त, किंवा छातीशी धरून ऊब दिल्यावरही ९७.५च्या खाली. शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजून ६० किंवा जास्त श्वास, श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा. दूध ओढायचं सोडलं, उठवूनही सुस्त, हिरवी उलटी, झटका. यातलं एकही पुरेसं आहे. रात्री मेडिकल किंवा मेयो रुग्णालय गाठा, वाहन नसेल तर १०८ लावा. डोळे अजून पिवळे असतील आणि शी पांढुरकी, मातकट होत असेल तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पित्तनलिका बंद असण्याची ती खूण असू शकते, आणि तिची शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाली तर उत्तम.

शेवटी तुमचं. पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एक ओळही लिहिली नाही, म्हणून विचारतो : बाळ झोपल्यावरही झोप येत नाही, सारखं रडू येतं, कशातच जीव रमत नाही असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं आहे का? असेल तर लसीच्या दिवशी डॉक्टरांना तेही सांगा, किंवा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोला, फोन मोफत आहे. तुमची सहा आठवड्यांची तपासणीही त्याच खेपेत उरका. लोहाची गोळी बाळंतपणानंतर सहा महिने रोज घ्यायची असते. ती दूध, चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर अंगी लागत नाही, दोन तासांचं अंतर ठेवा. आंबिया बहाराची संत्री याच दिवसांत बाजारात येतात. आईने संत्री खाल्ली की बाळाला सर्दी होते असं सासूबाई म्हणतील, पण सर्दी विषाणूने होते, संत्र्याने नाही. आणि संत्र्यातल्या क जीवनसत्त्वाने गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं. तेव्हा दुपारी जेवल्यावर, बाळ पंख्याखाली झोपलेलं असताना, लोहाची गोळी आणि एक अख्खं संत्रं. डिंकाचा लाडू संध्याकाळी.